उपाशी अळ्यांची आक्का

अळीचे रक्त तांबडे नसते. ते फिकट पिवळे असते, त्यात हिरव्याची किंचित झाक असते, आणि हवेवर उघडे राहिले की पाहता पाहता काळे पडते. देवाने त्या एवढ्याशा जीवाला शिरा दिल्या नाहीत, धमन्या दिल्या नाहीत. कातडीच्या एका पिशवीत रक्त भरले आणि त्यातच आतडे, स्नायू, मेद सगळे तरंगत ठेवले. ज्याने डोंगर उभे केले त्यानेच ही पिशवी शिवली, आणि शिवताना टाका तितक्याच काळजीने घातला. हे ज्याच्या ध्यानात येते तो अळीपुढेही वाकतो. ज्याच्या ध्यानात येत नाही तो विभागप्रमुख होतो.

आपल्याला त्या विभागप्रमुखांची थोरवी गायची नाही. ती गाण्याचे काम ते स्वतः सकाळ-संध्याकाळ करतात आणि गळा बसला तरी थांबत नाहीत. गायची आहे ती आक्काची. पण दिवा दाखवायचा तर काजळीचेही नाव घ्यावे लागते, म्हणून साहेब मध्ये मध्ये येतील. वाचकांनी सोसून घ्यावे.

कीटक-संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून एक लांबट खोली आहे. तिला सगळे अळीघर म्हणतात. तीन भिंतींना लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर प्लॅस्टिकचे ट्रे, ट्रेवर मलमलीची झाकणे. चौथ्या भिंतीला ओटा, ओट्यावर बर्फाची पेटी, भिंग, आणि टिकटिक करणारे जुने तापमापक यंत्र. आत शिरले की चिरडलेल्या कोबीच्या पानांचा आणि अळ्यांच्या लेंड्यांचा मिळून एक वास येतो. पहिल्या दिवशी तो नाकात जातो, दुसऱ्या दिवशी कपड्यांत जातो. आक्काच्या बाबतीत तो बावीस वर्षांपूर्वीच हाडांत गेला होता.

तिचे काम सांगायला सोपे होते. अळ्या वाढवायच्या, त्यांना औषध लावलेली पाने घालायची, आणि ठरल्या वेळी त्यांच्या रक्ताचा थेंब काढायचा. मग त्या थेंबात साखर किती, प्रथिने किती, आम्लता किती हे मोजायचे आणि रजिस्टरात लिहायचे. सांगायला सोपे! पण तिच्या हाताखाली आलेल्या किती उच्चशिक्षितांची त्या थेंबापाशी फे फे उडाली, त्याची गणती नाही.

ती अळीला आधी बर्फावर निजवी. अळी गारठून सैल झाली की डाव्या हाताच्या दोन बोटांत धरी; धरी म्हणजे नुसती टेकवी. उजव्या हातात टाचणीसारख्या टोकाची कात्री. पोटाखालच्या मांसल पायांपैकी शेवटून दुसऱ्या पायाचे टोक ती जरासे छाटी आणि थांबे. दाबायचे नाही, पिळायचे नाही, थांबायचे. त्या जखमेवर आपण होऊन एक मोती फुले. तो काचेच्या केसाएवढ्या नळीत ओढून घ्यायचा आणि बर्फातल्या कुपीत सोडायचा. रक्त काळे पडू नये म्हणून कुपीत औषधाची चिमूट आधीच टाकून ठेवलेली असे. एका अळीला पाऊण मिनिट.

ज्याला थांबता येत नाही तो अळी दाबतो. दाबली की आतले आतडे फुटते, आणि आतड्यातला रस थेंबात उतरतो. तो रस धुण्याच्या सोड्यासारखा दाहक असतो. मग थेंब गवतासारखा हिरवा होतो, मोजमापाचा कागद निळा पडतो आणि सगळे आकडे भलतेच येतात. अशा थेंबाला आक्का नासका थेंब म्हणे, आणि तो काढणाऱ्याला पिळ्या म्हणे. तिच्या शब्दकोशात याहून मोठी शिवी नव्हती.

"डॉक्टर झालात ना?" ती एकाला म्हणाली होती. "मग टूथपेस्टसारखी काय दाबता? तिला टोपण आहे का लावायला परत?"

तिच्या जिभेला हाड नव्हते, पण हाताला देव होता. मी हे भाविकपणाने म्हणतो आणि हिशेबाने म्हणतो. तिने काढलेल्या शंभर थेंबांत हिरवा एकही नसे.

या आक्काच्या नशिबी मात्र एक नोकरशाही विटंबना होती. ती हंगामी होती. बावीस वर्षे हंगामी! दर अकरा महिन्यांनी तिची नेमणूक संपे, एक दिवस खंड पडे, आणि दुसऱ्या दिवशी नवी नेमणूक होई. त्या एका दिवशी तिला फाटकाच्या आत पाऊल टाकता येत नसे. पाने खाणाऱ्या अळीला हे नियम कळत नाहीत. तिला रोज ताजे पान लागते. म्हणून आक्का त्या दिवशीही सकाळी यायची, पानांची जुडी शिपायाच्या हाती द्यायची आणि फाटकाबाहेर उन्हात उभी राहून ओरडायची, "वरच्या मांडणीला आधी घाल रे! ओली पानं पुसून घाल!" आत पंख्याखाली बसलेले लोक हसायचे. बावीस वर्षांत असे किती दिवस झाले, ते ज्याचे त्याने ताडून पाहावे. तिला कायम व्हायचे होते ते या एका गोष्टीसाठी. पुन्हा त्या फाटकाबाहेर उभे राहायचे नव्हते.

आता साहेब.

शिपायाने त्यांना महर्षी हे नाव ठेवले होते, आणि ते नाव त्यांच्या कानावर गेले तेव्हा त्यांना आनंद झाला होता. यावरून त्यांची ओळख पटावी. अळीघरात ते वर्षातून एकदा, नाकाला रुमाल लावून येत. अळीला हात लावताना त्यांना कोणी पाहिले नव्हते. पण त्यांच्या प्रत्येक लेखात एक वाक्य ठरलेले असे: रक्ताचे नमुने लेखकाने स्वतः घेतले. हात बाईचा, बोट बाईचे, पाठ बाईची वाकली, आणि स्वतः कोण? तर लेखक!

त्या वर्षी केंद्राकडे एक जिवाणूजन्य कीटकनाशक तपासायला आले होते. करडी पावडर. तिच्यात एका जिवाणूची बीजे आणि त्यांनी तयार केलेले विषाचे स्फटिक असतात. अळीने पानाबरोबर ते खाल्ले की तिच्या आतड्यातल्या त्या दाहक रसात स्फटिक विरघळतात, आतड्याच्या अस्तराला भोके पाडतात, आणि अळी काही तासांत खायचे थांबते. पुढे आतले जिवाणू रक्तात शिरतात, रक्ताची घडी विस्कटते, आणि अळी काळवंडून लोंबते. माणसाला नाही, गाईला नाही, पाखराला नाही. पाने खाणाऱ्या अळीलाच. परमेश्वराच्या कारखान्यात कुलपे किती आणि त्यांच्या किल्ल्या किती, हे पाहून हात आपोआप जोडले जावेत.

साहेबांचे हात जोडले गेले नाहीत. त्यांचे हात शिवशिवले. त्यांनी एक पद्धत शोधून काढली आणि तिला घोषवाक्य दिले: एक थेंब, एक दिवस. म्हणजे पावडर कितपत मारक आहे हे पाहायला आठवडाभर अळ्यांची मरणे मोजत बसायचे नाही. एका दिवसाने रक्ताचा थेंब काढायचा; साखर उतरलेली दिसली की पावडर लागू पडली. आणि या पद्धतीने त्यांना असे दिसले की सांगितलेल्या मात्रेच्या एक तृतीयांश मात्राही पुरेशी आहे! तिनेही साखर धडाधड उतरते. आता समिती येणार, शिफारस होणार, पत्रके छापणार, आणि भाजीवाल्या मळ्यांत तृतीयांश पावडर फवारली जाणार. पत्रकावर नाव कोणाचे, हे सांगायला नको.

सगळे जुळले होते. आडवा आला तो एक ट्रे.

आक्काची एक रीत होती. प्रत्येक खेपेला ती ट्रेवर नावे लिहीत नसे, कडेला खाचा पाडी. एक खाच, दोन खाचा, तीन, चार. कुठल्या खाचेचा ट्रे कोणता हे दर खेपेला बदले आणि रजिस्टराच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असे. ट्रे लावणारी तीच असली तरी मोजताना ती नुसत्या खाचा पाही, आणि ते पान मोजमाप संपेपर्यंत उघडत नसे. "मन लबाड असतं," ती म्हणे. "मेलेल्या अळीचा थेंब मोजतोय हे कळलं की डोळ्याला आकडाही मेलेला दिसतो." ही शिकवण तिला कोणत्या विद्यापीठाने दिली नव्हती. मी म्हणतो ती तिला वरून आली.

तर चार ट्रे. एकात स्वच्छ पान. दुसऱ्यात पुऱ्या मात्रेचे पान. तिसऱ्यात तृतीयांश मात्रेचे. आणि चौथ्यात काहीच नाही: पान नाही, पावडर नाही, निव्वळ उपास. उपासाने पुण्य लागते की नाही ते देव जाणे, अळीच्या रक्तातली साखर मात्र उतरते. स्वच्छ पानाच्या अळीची साखर शंभर धरली तर एका दिवसाने तृतीयांश मात्रेच्या अळीची अठ्ठावन्न भरली, आणि नुसत्या उपाशी अळीची सत्तावन्न. मग दोघींना ताजे पान घातले, तर तिसऱ्या दिवशी दोघीही नव्वदीच्या वर! पुऱ्या मात्रेच्या अळ्या तोवर काळ्या पडून लोंबत होत्या. अर्थ उघड होता. तृतीयांश पावडरीने अळी मरत नव्हती. तिचे तोंड एक दिवस बांधले जात होते, इतकेच.

साहेबांनी रजिस्टर चाळले आणि बाईंना वर बोलावले. त्यांची खोली थंड होती, काचेच्या टेबलाखाली त्यांचेच सत्काराचे फोटो होते.

"बाई, हा उपाशी ट्रे कशाला?"

"पावडर खाल्ली की अळी जेवायचं थांबते, साहेब. मग साखर उतरली ती पावडरीनं की उपासानं, ते कळायला."

"ते तुम्ही मला शिकवणार?"

"छे. विचारलंत म्हणून सांगितलं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "हे बघा. समितीपुढे सोपं ठेवायचं असतं. रजिस्टर नव्यानं उतरवून काढा. तीन ट्रे. खाली नमुने घेणाऱ्याची म्हणून तुमची सही."

"आणि चौथा?"

"चौथा नव्हताच."

"पन्नास अळ्या उपाशी ठेवल्या मी त्यात. नव्हत्याच म्हणायचं, तर त्यांचे शिव्याशाप कुणाला लागायचे?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी खणातून एक फाइल काढली आणि टेबलावर तिच्याकडे तोंड करून ठेवली. "हा काय कागद आहे ठाऊक आहे? तुम्हाला कायम करण्याचा आदेश. बावीस वर्षं झाली ना? माझी सही तेवढी राहिली आहे. परवा समिती येते. नवं रजिस्टर टेबलावर आलं की दोन्ही सह्या एकदम होतील."

केवढे हे औदार्य! स्वतःच्या घरचे काही न देता, दुसऱ्याच्या हक्काचे दुसऱ्यालाच विकायला काढायचे, आणि वर आवाजात दात्याचा मोठेपणा आणायचा. भिकाऱ्याचीही एक अब्रू असते. तो स्वतःचा कटोरा पुढे करतो. या गृहस्थांनी तिचाच कटोरा तिच्यापुढे केला.

आक्का फाइलीकडे पाहत राहिली. आपले नाव तिने वाचले. मग कोरे रजिस्टर काखेत मारून ती खाली आली.

तिच्या घरात तीन माणसे. आक्का, तिचे यजमान आणि थोरली नणंद. यजमान चष्मे दुरुस्त करत. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचे टेबल होते, त्यावर बारीक स्क्रू, काड्या आणि एकाक्ष भिंग. नणंदबाई भाजी निवडत आणि जगाला सल्ला देत. त्या संध्याकाळी मटार सोलणे चालले होते. आक्काने झाले ते सांगितले.

"मग अडलंय कुठं?" नणंदबाई म्हणाल्या. "सही कर आणि मोकळी हो. अळ्या काय कोर्टात जाणार आहेत?"

"कोर्टात नाही, वन्सं. पानावर जातील. एक दिवस उपाशी बसतील आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट खातील. ज्यानं फवारलं तो म्हणेल, पावडरच खोटी."

"म्हणू दे. तुझं नाव कुठं असणार त्यात?"

"माझंच तर असणार! खाली सही कुणाची मागताहेत? चांगलं झालं तर नाव त्यांचं, बोंबललं तर नमुने बाईनं घेतले होते."

"हे बाकी खरं," यजमान भिंगातून मान वर न करता म्हणाले.

"तू गप रे!" नणंदबाई भावाच्या अंगावर गेल्या. "हिला फाटकाबाहेर उन्हात उभं करतात ते तुला बरं वाटतं? आणि काय गं, त्या किड्यांची तुला एवढी माया? नणंदेला कधी इतकं जपलंस?"

"तुम्ही रोज ताजं पान मागता का, वन्सं? तुम्ही तर शिळ्यावरही भांडता."

नणंदबाईंनी मटाराची शेंग तिच्या अंगावर फेकली. यजमान हसले. मग त्यांनी भिंग डोळ्यावरून काढले.

"तुला कायम व्हायचंय ना?" त्यांनी विचारले.

"व्हायचंय. फार व्हायचंय. खोटं कशाला सांगू?"

"मग?"

"अहो, मग काय? दहा वेळा लिहायला बसले. तीन ट्रेचे आकडे उतरले की हात चौथ्याकडं जातो."

"दोघं एका माळेचे मणी," नणंदबाई पुटपुटल्या, आणि सोललेले मटार घेऊन आत गेल्या. आतून भांड्यांचा जो आवाज आला, त्यात त्यांचे मत सविस्तर मांडलेले होते.

दुसऱ्या दिवशी आक्काने काय केले? तिने नवे चार ट्रे लावले. नवी खेप, नव्या खाचा. समितीला ताज्या अळ्या दाखवायच्या असा साहेबांचाच हुकूम होता. कोरे रजिस्टर कोरेच राहिले.

समिती आली. तीन सभासद. एकाला चहा हवा होता, एकाला खुर्ची हवी होती, आणि एक पांढऱ्या केसांच्या, काठी टेकत चालणाऱ्या अध्यक्षबाई होत्या, त्यांना अळी पाहायची होती. साहेबांनी पडद्यावर चित्रे दाखवली. एक थेंब, एक दिवस! टाळ्या झाल्या. चहावाल्या सभासदांनी टाळ्या वाजवताना बशीही वाजवली.

"नमुने तुम्ही स्वतः घेता, असं लिहिलंय," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"अर्थात."

"मग घेऊन दाखवा की. माझं आयुष्य कीटकांत गेलं, पण रक्त काढताना मी फार कमी लोकांना पाहिलंय."

साहेबांच्या तोंडचे पाणी पळाले, पण अहंकाराची एक खुबी असते: तो माणसाला बुडताना पोहतोय असे भासवतो. "चला!" म्हणत ते सर्वांना घेऊन खाली उतरले. आज नाकाला रुमाल नव्हता.

त्यांनी दरवाजात आक्काला गाठले. "रजिस्टर?" हलक्या आवाजात.

"आत आहे."

"सही?"

"अजून नाही."

"मग करा. आदेश माझ्या खिशात आहे," असे म्हणून ते मांडणीकडे वळले.

चार ट्रे ओळीने ठेवलेले. साहेबांनी खाचा पाहिल्या. मोठ्या आत्मविश्वासाने त्यांनी तीन खाचांचा ट्रे ओढला आणि मलमल दूर केली. "ही तृतीयांश मात्रा. कालपासून यांच्या पोटात पावडर आहे." मग त्यांनी अळी निवडली. कोणती निवडली? सगळ्यांत गलेलठ्ठ! नवशिक्याचे बोट नेहमी जाडीकडे जाते, कारण ती धरायला सोपी. ती चांगली वळवळत होती. बर्फावर ठेवायचे असते हे त्यांना आठवले नाही. आठवण्यासाठी आधी माहीत असावे लागते. कात्री त्यांनी कागद कापायला धरावी तशी धरली आणि छाटायच्या ऐवजी खुपसली. रक्त आले नाही. अळी वळवळली, कात्री निसटून ओट्याच्या फरशीवर आपटली. साहेबांनी ती उचलली, पुन्हा खुपसली, आणि मग, वाचकहो, त्यांनी अळी दाबली. अंगठा आणि तर्जनी, सगळ्या पदव्यांच्या ताकदीनिशी.

हिरवी चिळकांडी त्यांच्या शुभ्र बाहीवर उडाली.

शिपायाने तोंड फिरवले. साहेबांनी मात्र त्या हिरव्या रसात मोजमापाचा कागद बुडवला, तो निळा झाला, आणि त्यांचा चेहरा उजळला! "पाहिलंत? पाहिलंत? निरोगी अळीचं रक्त किंचित आंबट असतं. हे पाहा, निळं! पावडरीनं आतडं फोडलं, आतला रस रक्तात आला. हाच तो परिणाम!"

आतडे फोडले होते हे खरेच. पण ते पावडरीने की अंगठ्याने? पुस्तकात जे वर्णन आहे ते त्यांनी स्वतःच्या बोटांनी घडवून आणले होते आणि त्याचा पुरावा म्हणून बाही मिरवत होते. गाढवाने पोथी खाल्ली म्हणून त्याला पारायणाचे पुण्य लागत नाही, एवढे तरी गाढवाला कळते.

अध्यक्षबाई त्या कागदाकडे पाहत नव्हत्या. त्या काठीवर वाकून ट्रेमध्ये पाहत होत्या.

"हा तृतीयांश मात्रेचा ट्रे?"

"होय."

"कशावरून?"

"तीन खाचा आहेत ना! तृतीयांश म्हणून तीन."

"बरं. कालपासून पावडर खाल्लेल्या अळ्या जेवायचं थांबतात, असं तुम्हीच वर सांगितलंत."

"अगदी बरोबर."

"मग या ट्रेमध्ये एवढ्या लेंड्या कुणाच्या?"

ट्रेच्या तळाशी ताज्या, हिरव्यागार, मोहरीएवढ्या लेंड्यांचा थर होता आणि पानांची नुसती जाळी उरली होती. इतके जेवलेले आजारी कुणी पाहिले नव्हते.

"बाई," अध्यक्षबाई आक्काकडे वळल्या, "ट्रे तुम्ही लावता ना? हा कोणता?"

साहेबांनी आक्काकडे पाहिले. त्यांचा हिरवा हात नकळत खिशाकडे गेला, जिथे आदेश होता. "बाई," ते म्हणाले. इतक्या मऊ आवाजात ते तिच्याशी कधीच बोलले नव्हते. एक होकार पुरला असता. तृतीयांशच आहे, चुकून जास्त पाने पडली, असे काहीतरी. आक्काच्या डोळ्यांपुढे फाटक आले असेल, ऊन आले असेल, नणंदेची भांडी वाजली असतील. मी त्या क्षणी तिच्या मनात डोकावू शकत नाही. तिच्या तोंडून आले तेवढे सांगतो.

"तीन खाचा या खेपेला स्वच्छ पानाला आहेत. अळी निरोगी आहे." तिने ओट्यावरच्या चोथ्याकडे पाहिले. "म्हणजे, होती."

शिपाई खोकल्याचे निमित्त करून बाहेर गेला.

मग अध्यक्षबाईंनी आक्काला थेंब काढायला सांगितले. फरशीवर आपटलेल्या कात्रीचे टोक वाकले होते, तरी तिने चारही ट्रेमधले थेंब काढले. एकेक पिवळसर मोती, एकही हिरवा नाही. कागद कुठेच निळा झाला नाही. साखर मोजायला तासभर लागला. खुर्चीवाले सभासद तेवढ्यात झोपून उठले. आकडे आले, रजिस्टराचे शेवटचे पान उघडले, आणि तृतीयांश मात्रा व उपास पुन्हा शेजारी शेजारी उभे राहिले. तेव्हा अध्यक्षबाईंनी आधीच्या खेपेची पाने मागितली. आक्काने काढून दिली. चौथ्या ट्रेची पाने त्यांनी बोट ठेवून वाचली.

"यावर नमुने घेणाऱ्याची सही नाही," त्या म्हणाल्या.

आक्काने ओट्यावरचे पेन घेतले आणि चारही ट्रेच्या खाली सही केली. साहेबांच्या समोर, त्यांच्याकडे न पाहता.

इथे कुणाला वाटेल, आता न्याय झाला, आता फुले पडली. भाबडेपणा सोडा. समितीने अहवाल दिला. त्यात लिहिले होते की तृतीयांश मात्रेची शिफारस करू नये, मात्रा पुरीच ठेवावी, आणि उपाशी ट्रेशिवाय रक्ताची कोणतीही तपासणी ग्राह्य धरू नये. इथवर ठीक. पण पुढे असेही लिहिले होते की आपल्याच निष्कर्षांची फेरतपासणी खुलेपणाने होऊ दिल्याबद्दल विभागप्रमुखांचे अभिनंदन! खुलेपणा! हिरव्या बाहीला त्यांनी खुलेपणा म्हटले. आक्काचा उल्लेख शेवटच्या पानावर, इतर सहायक कर्मचारी या तीन शब्दांत उरकला होता. विद्वानांची सभा स्वतःच्या माणसाला चिखलातून काढते तेव्हा आधी त्याचे बूट पुसते.

अहवालानंतर चौथ्या दिवशी साहेबांनी तिला वर बोलावले. फाइल टेबलावर होती. आदेशाच्या कोपऱ्यात तांबड्या शाईने लिहिले होते: तूर्त विचार आवश्यक नाही.

"वाचलंत?"

"वाचलं."

"तुम्हीच ओढवून घेतलंत."

"हो."

"मी काही वाईट माणूस नाही, बाई. पण माणसानं परिस्थिती ओळखावी." त्यांना बहुधा वाटत होते की ती रडेल. निदान हात जोडेल. हात जोडले की त्यांना क्षमा करता आली असती, आणि क्षमा करण्यासारखे सुख त्यांच्या पदाला दुसरे नव्हते.

आक्काने पदराखालून एक कागद काढला आणि फाइलीवर ठेवला. ते साहित्याचे मागणीपत्र होते.

"हे काय?"

"कात्री. त्या दिवशी तुम्ही टोक वाकवलंत तिचं. दुसरी लागेल."

साहेबांनी कागद पाहिला. कारण या रकान्यात आक्काने नीट अक्षरात लिहिले होते: वापरणाऱ्याच्या अननुभवामुळे खराब.

"हे असं कारण लिहितात?"

"खरं कारण लिहायचा रकाना आहे. दुसरं काही लिहायचं असेल तर लिहा तुम्ही, त्याखाली सही मात्र माझी मागू नका."

ते बराच वेळ त्या रकान्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी सही केली. निमूट, लहान अक्षरात, तारखेसकट.

नवी कात्री यायला चार महिने लागले. तोवर आक्का वाकड्या टोकाने थेंब काढत राहिली, आणि एका अळीला पाऊण मिनिटाऐवजी एक मिनिट लागू लागले. मधल्या काळात तिच्या नेमणुकीचा खंड आला. त्या दिवशी ती पानांची जुडी घेऊन फाटकाशी गेली, तेव्हा तिच्याबरोबर छत्री घेतलेल्या नणंदबाई होत्या. त्या आत पंख्याखाली बसलेल्या लोकांकडे पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शिपायाला म्हणाल्या, "अरे ए, ओली पानं पुसून घाल हो! आणि वर तुझे महर्षी असतील तर त्यांना म्हणावं, खाली येऊन शिकून घ्या, बाई आज बाहेरच आहे."